पाकीट परत आलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहणाऱ्या सदतीस वर्षांच्या एका मराठी इंजिनिअरचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी कुणीतरी अर्धवट सोडलेली, लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन सीटांची उघडी गाडी विकत घेतली. चौकोनी पाइपांची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि सोबत एका जुन्या माझदा एमएक्स-५ चं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग. आपल्या हाताने गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांच्या स्थानिक गटात ते सामील झाले. तिथल्या एका निवृत्त टूलमेकरने, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या कारागिराने, वय ७१, दीड वर्ष जवळपास प्रत्येक शनिवारची सकाळ त्यांच्या गॅरेजात घालवली. 'चहा-पोह्यांपलीकडे मी त्यांना काही दिलेलं नाही,' असं ते लिहितात. मागच्या महिन्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, त्या दिवशी त्यांनी या गृहस्थांच्या कोटाच्या खिशात ३०० पौंडांचं पाकीट गुपचूप ठेवलं. दोन दिवसांनी ते दारातल्या पत्रांच्या फटीतून परत आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर तीन शनिवार गेले, ते आलेले नाहीत. सहा आठवड्यांवर गाडीची सरकारी तपासणी आहे, ब्रेकचं काम बाकी आहे आणि पाइपांची तोंडं फुलवायचं त्यांचं फ्लेअरिंग टूल अजून बाकावर पडून आहे. साताऱ्याहून वडील म्हणतात, 'कुणाचं फुकटचं घेऊ नये, दिलेस ते बरं केलंस.' पत्नी म्हणते, 'तू त्यांना मिस्त्री करून टाकलंस.' मधल्या काळात गटातल्या बावीस वर्षांच्या एका मुलाने वायरिंगसाठी मदत मागितली, ती यांनी 'माझीच गाडी अजून पूर्ण नाही' म्हणून टाळली. ते विचारतात: माफी कशी मागू? एवढ्या मदतीची परतफेड कशी करू? की उरलेलं काम एखाद्या गॅरेजला देऊन मोकळा होऊ? खाली सही आहे, 'एक ऋणी'.

प्रिय वाचक,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पाकिटाची गोष्ट म्हणून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. तुम्ही ते जाता जाता लिहून गेला आहात: 'त्यांची स्वतःची गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली आहे, का ते मी कधी विचारलं नाही.' या वाक्याकडे मी परत येईन.

तातडीचं आधी. ते दुखावले आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. असतीलही. पण तुमच्या हातात पुरावा एवढाच, की पाकीट परत आलं आणि तीन शनिवार ते फिरकले नाहीत. एकाहत्तर वर्षांचा माणूस तीन आठवडे दिसला नाही तर माझ्या मनात पहिली शंका तब्येतीची येते. तुम्ही फोन केल्याचं पत्रात कुठे नाही. मेसेज केल्याचंही नाही. दीड वर्ष ते तुमच्या दारी येत राहिले. आता ते येतील म्हणून तुम्ही वाट पाहत बसला आहात, आणि आपण त्यांच्याकडे जावं हे काही तुमच्या मनात आलेलं दिसत नाही.

दुसरी एक शक्यता मला जास्त खरी वाटते. पाकीट कोणत्या दिवशी दिलंत ते बघा. इंजिन सुरू झालं त्याच दिवशी. गवंड्याचं किंवा सुताराचं काम संपलं की आपण शेवटचे पैसे त्याच्या हातावर ठेवतो, आणि तो हत्यारं गोळा करून निघतो. त्यांनी तुमच्या पाकिटाचा तसाच अर्थ लावला असेल: काम झालं, आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल. तुम्हाला म्हणायचं होतं 'तुमचे उपकार मी विसरणार नाही', आणि त्यांच्यापर्यंत पोचलं 'आपला हिशेब मिटला'. तसं असेल तर ते रागावलेले नाहीत. आपली गरज संपली असं समजून ते घरी बसले आहेत, आणि हे रागावण्यापेक्षा वाईट आहे.

म्हणून या शनिवारी तुम्ही जा. शक्य असेल तर पत्नीलाही घेऊन जा, कारण नेमकं काय झालं ते तुमच्या घरात सगळ्यांत आधी त्यांना कळलं आहे. पाकीट, व्हाउचर, महागातली बाटली, काही नेऊ नका. पोहे न्या. दीड वर्ष ते तुमच्या स्वयंपाकघरात जे खात आले तेच, डब्यात, वर खोबरं-कोथिंबीर घालून. आणि ते फ्लेअरिंग टूल नेऊ नका. हे मुद्दाम सांगतो, कारण निघताना तुमचा हात आधी त्याच्याकडेच जाईल. एरवी उसनं हत्यार वेळेत परत करणं ही या हौसेतली पहिली रीत, पण आज ते त्यांच्या हातात दिलंत तर राहिलेला धागाही तुम्ही तोडायला आलात असं दिसेल. तुमच्या गाडीचे ब्रेकचे पाइप व्हायचे आहेत, हे टूल तिथे ठेवून गेलेल्या माणसाला माहीत आहे.

बोलायचं थोडं. 'पैसे ठेवले ते माझं चुकलं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी पाकीट ठेवलं.' बस. आमच्याकडे अशी पद्धत असते, माझे वडील असं म्हणाले, माझ्या मनात तसं नव्हतं, हे सगळं लांबण लावू नका. लांबलचक माफी मागितली की समोरच्यालाच तुमची समजूत घालत बसावं लागतं. आणि त्या भेटीत तुमच्या ब्रेकचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर गोष्ट वेगळी.

आता वडिलांच्या बोलण्याकडे. ते चुकले असं मला म्हणवत नाही. 'कुणाचं फुकटचं घेऊ नये' हे ज्या पिढीने आपल्याला शिकवलं, तिने मिंधेपणाची किंमत मोजली आहे. एखाद्या नातेवाइकाने एका वर्षाची फी भरावी आणि पुढे वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत ती बोलून दाखवावी, हे आपल्या कितीतरी घरांत झालेलं आहे. तुमच्या वडिलांनी तुम्हाला त्यापासून वाचवायला ते सांगितलं. पण त्याच मातीत दुसरीही एक रीत होती.

माझं आजोळ मावळात. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ऐन पेरणीच्या तोंडावर आजोबांच्या जोडीतला एक बैल बसला, उठेना. आजोबांनी देवळापाशी चार माणसांत शब्द टाकला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी फटफटायला बांधावर सात औतं उभी होती. याला इर्जिक म्हणतात. दुपारपर्यंत वावर नांगरून झालं. आजीने शेजारच्या दोघींना मदतीला घेऊन भाकऱ्यांची चळत रचली होती, मटणाचा रस्सा होता, आणि माणसं आंब्याखाली पंगत धरून जेवली. मी आजोबांना विचारलं, यांना पैसे किती द्यायचे? आजोबा म्हणाले, 'पैसे दिले तर ते माझे गडी होतील. मग परवा त्यांच्या बांधावर मी कोण म्हणून जाऊ?'

या रीतीत हिशेबच नव्हता असं नाही. सावड घातली तर ती फेडावी लागे, तुम्ही माझ्या शेतात एक दिवस, मी तुमच्या. इर्जिकीचा हिशेब एका माणसाशी नसे, तो गावाशी असे. जो कधीच दुसऱ्याच्या इर्जिकीला गेला नाही त्याच्या बांधावर औतं कमी दिसत, आणि का ते सगळ्यांना ठाऊक असे. पण ती फेड रोख होत नसे, हाताने होत असे. तुमच्या पत्नीचं वाक्य आणि माझ्या आजोबांचं वाक्य एकच आहे. फक्त गड्याच्या जागी मिस्त्री आला.

आपण लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापतो. सत्काराला उत्तर देताना 'मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो' हे वाक्य हमखास येतं. फार चांगलं वाक्य आहे, आणि मला ते अगदी अक्षरशः घ्यावंसं वाटतं. तुम्ही 'ऋणी' अशी सही केलीत ती ओशाळून. त्या शब्दाला दुसरी बाजू आहे. दोन माणसांमध्ये काहीतरी बाकी आहे म्हणून तर ती पुन्हा भेटतात. तुम्ही ३०० पौंडांत ती बाकी मिटवायला निघालात, तेव्हा येत्या शनिवारचं कारणही त्याच पाकिटात घालून देऊन टाकलंत.

आणि तुमचा हिशेबही नीट झालेला नाही. 'चहा-पोह्यांपलीकडे काही नाही' असं लिहिता. इर्जिकीत जेवण हा निम्मा व्यवहार असतो. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यांना 'कांदेपोहे' म्हणायला शिकवलं आणि ते प्रत्येक शनिवारी चुकीचं म्हणतात, तीही दर वेळी सुधारते, हे तुम्हीच लिहिलं आहे. हे तुम्ही कोणत्या रकान्यात मांडलंत? तुमच्या पत्रात आणखीही एक गोष्ट आहे. कॉलेजात असताना पीथमपूरला बाहाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत तुमच्या गाडीचा टाय-रॉड, म्हणजे चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा, वाकला आणि शेजारच्या कॉलेजच्या टीमने, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी, स्वतःचं काम थांबवून तो सरळ करून वेल्ड मारून दिला. त्यांना तुम्ही पाकीट दिलं नव्हतं. तसं सुचलंही नसेल. त्या मुलांकडून घेताना ओशाळला नाहीत आणि या माणसाकडून घेताना ओशाळता, याचं कारण बहुधा हे की तिथे तुम्ही सगळे एकाच चिखलात होता. इथे तुम्ही स्वतःला शिकाऊ आणि परदेशी समजता आणि ते देणारे. त्यांच्या बाजूने कसं दिसतं ते बघू या.

मी टूलरूमचा माणूस. नव्वदीच्या दशकात कामासाठी काही वर्षं कोव्हेंट्रीजवळ होतो. पहिल्या हिवाळ्यात मला शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी शेजारच्या गॅरेजातून एक गृहस्थ हात पुसत आले आणि म्हणाले, दहा मिनिटं पेडलवर पाय ठेवायला याल का? त्यांनीही अशीच एक गाडी बांधायला घेतली होती, आणि त्या दिवशी ब्रेकची हवा काढायची होती. हे काम एकट्याने करायची साधनं मिळतात, पण जुनी पद्धत दोघांची आहे. एकजण पेडल दाबून धरतो. दुसरा चाकापाशी आडवा पडून हवा काढायचं छोटं निपल पाव फेरा सैल करतो. काचेच्या बरणीत बुडवलेल्या पारदर्शक नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात, पेडल पायाखाली हळूच खाली जातं. निपल पुन्हा आवळलं की मग पाय उचलायचा, आधी नाही. आधी उचलला तर हवा उलटी आत जाते. गाडीखालून त्यांचे तीनच शब्द येत होते: दाब, धर, सोड. तिसऱ्या चाकाला मी घाईने पाय उचलला. नळीतला बुडबुडा मागे सरकताना त्यांनी पाहिला. ते काही बोलले नाहीत, ब्रेक ऑइलच्या टाकीत थोडं ऑइल ओतलं आणि त्याच चाकापासून पुन्हा सुरुवात केली. दहा मिनिटांचे दोन तास झाले. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं तेव्हा त्यांनी मला गाडीखालून अंगठा दाखवला.

मी केलं काय, तर पेडल दाबलं. पण त्या रात्री घरी जाताना मला त्या गावात पहिल्यांदाच बरं वाटलं होतं. मी कुणाच्या तरी उपयोगाला आलो होतो. पुढे शनिवार-रविवारी मी त्या गॅरेजात असे, मे महिन्यात त्यांच्याबरोबर स्टोनलीच्या मैदानावर भरणारं हौशी गाड्यांचं प्रदर्शन बघायला जाई. त्यांनी मला त्या संध्याकाळचे पाच पौंड दिले असते तर मी घेतले असते की नाही ते सांगता येत नाही, पण पुढच्या शनिवारी मी गेलो नसतो.

तुमचे मित्र टूलमेकर होते. चाळीसेक वर्षं ज्या हातांनी दोन-दोन शतांश मिलिमीटर सांभाळले त्या हातांना निवृत्तीनंतर काय काम असतं याची मला चांगली कल्पना आहे. बागेतलं गवत कापणं. तुम्ही त्यांना दीड वर्ष पुन्हा टूलरूम दिलीत. पायाखालची फरशी ओळखीची असलेली जागा दिलीत. त्यांनी उपकार केले आणि तुम्ही घेतले, एवढ्यापुरतंच हे चित्र मला पटत नाही.

या हौसेचा सगळा इतिहासच असा हातातून हातात आलेला आहे. १९३९ साली तिकडे ७५० मोटर क्लब निघाला तो जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्या चालत्या ठेवण्यासाठी. ७४७ सीसीचं छोटं इंजिन, भंगाराच्या भावात मिळणारी गाडी, आणि ती मोडून आपल्या मनाची गाडी बांधणारी माणसं. कॉलिन चॅपमनने १९४८ साली आपली पहिली गाडी अशाच ऑस्टिन सेव्हनवर बांधली, तीही प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. पुढच्या एका गाडीच्या वेळी ॲलन नावाच्या दोन भावांकडे चांगलं वर्कशॉप होतं म्हणून काम तिथे झालं. पुढे त्याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली सेव्हन सुट्या भागांतही विकली, कारण तयार गाडीवरचा खरेदीकर सुट्या भागांना लागत नसे. भाग जोडायच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागेल, म्हणून गाडी 'सुटी कशी करायची' याचा कागद देत आणि गिऱ्हाइकाने तो उलटा वाचायचा, असं जुने लोक सांगतात. तसा कागद खरोखर हातात घेऊन बसलेल्या माणसाने काय केलं असेल? शेजाऱ्याला हाक मारली असेल. १९७३ मध्ये व्हॅट आला, कराची ती सवलत गेली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या दुसऱ्या कंपनीकडे गेले, पण ही जमात राहिली. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने चौकोनी पाइपांची चॅसी घरी कशी वेल्ड करायची ते पुस्तकात लिहिलं आणि लोकॉस्ट नावाचा, कमी खर्चात घरी गाडी बांधणाऱ्यांचा सगळा पंथच उभा राहिला. तुमच्या गॅरेजातली चॅसी त्याच कुळातली आहे. तुम्हाला पाइपाचं तोंड फुलवायला शिकवणाऱ्या माणसालाही ते कधीतरी कुणीतरी शिकवलं असणार, आणि त्या माणसाला त्यांनी पैसे दिले असतील असं मला वाटत नाही.

आता गॅरेजच्या पर्यायाबद्दल. तो मी उडवून लावणार नाही. एखादं काम आपल्याला येत नसेल आणि ते जिवावर बेतणारं असेल, तर पैसे देऊन करून घेण्यात काही कमीपणा नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीटबेल्ट जिथे बांधले जातात त्या जागा, या तीन गोष्टी रस्त्यावर जाण्याआधी जाणत्या तिऱ्हाइताने तपासल्याच पाहिजेत, मग मदत करणारा मित्र कितीही मुरलेला असो. गाडी तुमची आहे, तिची जबाबदारीही तुमचीच. पण 'मोकळा होण्यासाठी' काम बाहेर देऊ नका. त्यात एक कायद्याची बाजूही आहे. तुमची आयव्हीए, म्हणजे ती सरकारी तपासणी, हौशी बांधणीच्या वर्गात होणार. त्या व्याख्येत गाडी स्वतःच्या वापरासाठी असावी आणि बांधणीचा मोठा भाग तुम्ही, किंवा तुमच्या वतीने तुमच्या देखरेखीखाली दुसऱ्या कुणी केलेला असावा अशी अट आहे, आणि ते काम गाड्या बांधण्याच्या धंद्याचा भाग म्हणून झालेलं नसावं. म्हणजे मित्राच्या शनिवारला कायद्याची आडकाठी नाही. धंदेवाइकाकडे मोठं काम सोपवण्याआधी मात्र नियम नीट वाचून घ्या, आणि आतापर्यंतचे फोटो, पावत्या जपून ठेवा.

खरं तर गॅरेजपेक्षा चांगला पर्याय तुमच्या गटातच आहे, आणि तो तुम्ही वापरलेला नाही. तुम्ही एका गटात सामील झालात आणि त्यातला एकच माणूस धरलात. एकाहत्तर वर्षांच्या एका माणसावर अख्खी गाडी टाकलीत, म्हणूनही त्या मदतीचं ओझं एवढं झालं. तपासणीच्या दोन आठवडे आधी एका संध्याकाळी गटातल्या चार-पाच जणांना घरी बोलवा. ज्यांची गाडी पहिल्या फेरीत नापास झाली होती त्यांना आवर्जून बोलवा. तपासनीसाची नजर कुठे जाते ते त्यांनाच माहीत असतं. बाहेर आलेल्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर हवी, या एका नियमाने किती बोल्टच्या टोकांना आणि ब्रॅकेटना टोप्या घालायला लावल्या आहेत ते ते सांगतील. वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं की ते आपणहून सरळ यायला हवं, आणि या हलक्या गाड्या तिथेच अडतात, हेही सांगतील. प्रत्येकाने एक वही घ्यायची, गाडीभोवती फिरायचं, दिसेल ते लिहायचं. त्या संध्याकाळी जेवण तुमच्याकडे. मटण करा.

आणि त्या मुलाला आज फोन करा. पत्रातलं हे प्रकरण तुम्ही पाकिटाच्या मागे टाकलंत, मला ते पुढे वाटतं. 'माझीच गाडी अजून पूर्ण नाही' हे कारण तुम्हाला नम्रतेचं वाटलं असेल. त्याने मात्र नकार ऐकला. मदत करायला गाडी पूर्ण असावी लागते हे कुणी ठरवलं? उलट त्याच्यासाठी आज तुमच्याइतका उपयोगी माणूस नाही. एमएक्स-५ चं वायरिंग सोलून त्यातलं नको ते काढून टाकण्याचं काम तुम्ही याच हिवाळ्यात केलं आहे. कापण्याआधी प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली नाही तर काय होतं ते तुमच्या बोटांना आठवतंय. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडायचा राहिला आणि दोन रविवार दिवे वेडेवाकडे लागत होते, हे तुम्हीच लिहिलं आहे. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला ही चूक आता सुचतही नाही, म्हणून तो ती सांगत नाही. तुम्हीच सांगू शकता. बुधवारी संध्याकाळी दोन तास जा. जे येतं ते दाखवा, जे येत नाही ते येत नाही म्हणा. आणि त्याच्या हातातली सोल्डरिंग गन काढून घेऊ नका. गाडी त्याची आहे. वायर त्यालाच जोडू द्या, तुम्ही टॉर्च धरा. तुमचे मित्र दीड वर्ष बहुधा हेच करत होते.

तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येतात, पुण्या-नाशकात जुनी जीप उभी करणाऱ्यांची, एकदा घरी होडी बांधणाऱ्याचंही आलं होतं. त्यांच्यासाठी हे सांगून ठेवतो. पैशाला या व्यवहारात जागाच नाही असं समजू नका. ब्रेक ऑइल, वेल्डिंगचा गॅस, ड्रिलची टोकं, कटरच्या चकत्या, समोरच्याचं पेट्रोल, या खर्चाचे पैसे लगेच द्यावेत, त्याने मागायची वाट बघू नये, आणि यात कुणी दुखावत नाही. उसनं हत्यार घेतलं त्याहून स्वच्छ करून परत करावं. मोडलं तर नवं आणून द्यावं, आणि मोडलं हे लपवू नये. हाक मारण्याआधी आपल्याला जेवढं वाचता, मोजता, करून पाहता येतं तेवढं करावं. 'ब्रेक होत नाहीत, या' यापेक्षा 'डावं मागचं चाक तीनदा केलं, बुडबुडे थांबत नाहीत, नळीचा जोड बदलून पाहिला' असं सांगितलं तर आलेल्या माणसालाही आपला वेळ सार्थकी लागल्यासारखं वाटतं. आणि पुढे काय झालं ते कळवावं. हे बहुतेकजण विसरतात. ज्याने तुमच्या गाडीखाली दोन तास काढले तो घरी जाऊन विचार करत असतो, गळती थांबली का? त्याला रात्री एक मेसेज पुरतो. तपासणी पास झाली तर पहिला फोन आईवडिलांना आणि दुसरा त्याला. नापास झाली तर पहिलाच त्याला.

तुमच्या घरातल्या शनिवारांबद्दलही एक शब्द. दीड वर्ष पत्नीने सकाळी पोहे केले, मुलगी सांभाळली आणि हातात ग्रीस लागलेली दोन माणसं स्वयंपाकघरात सहन केली. इर्जिकीत माझ्या आजीचं नाव कुणी घेत नसे, आणि तिच्यावाचून एक औत उभं राहिलं नसतं. गाडी रस्त्यावर आली की शेजारच्या सीटवर आधी कोण बसणार हे ठरवताना ते ध्यानात ठेवा.

आता ती ताडपत्री. तुमच्यासाठी दर शनिवारी वेळ काढणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी दोन वर्षं झाकलेली का? मला माहीत नाही. गुडघे असतील, खाली आडवं होऊन परत उठवत नसेल. डोळे असतील. ती ज्या कुणाबरोबर बांधली ते माणूस आता नसेल. किंवा एखादा जड भाग उचलायला दुसरे दोन हात हवे असतील आणि 'दहा मिनिटं याल का' असं म्हणायचा त्यांचा स्वभाव नसेल. मदत करणाऱ्यांना मदत मागता येतेच असं नाही, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. कारण कळल्याशिवाय मनाने काही ठरवून जाऊ नका. पोहे खाऊन झाले की विचारा, ती गाडी बघू का? नाही म्हणाले तर विषय सोडा, पुढच्या शनिवारी पुन्हा जा. हो म्हणाले तर ताडपत्रीचं दुसरं टोक तुम्ही धरा.

खाली काय निघालं ते मला कळवा.